ठिपकेकाकांची एक्केचाळिसावी ओळ

माणूस दिसायला म्हणाल तर बेतास बात. उंची बेताची, पोट बेताचं, आणि डोक्यावरचे केस बेताच्याही खाली गेलेले. गर्दीत हरवला तर पोलिसांना खूण काय सांगावी, असा प्रश्न पडावा. पण कचेरीत कुणालाही विचारा, ठिपकेकाका कुठं बसतात? दारावरचा शिपाईसुद्धा मान वर न करता सांगेल, "दुसरा मजला, डावीकडं सरळ. पुढं काही नाही असं वाटलं की तिथून आणखी चार पावलं."

ती खोली पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकायची होती. आता तिच्यात एकच मोडकी खुर्ची होती आणि तिच्यावर काका. खुर्चीचा खड्डा बुजवायला बायकोनं उरल्यासुरल्या कापडाची उशी शिवून दिलेली. टेबलावर कॉम्प्युटर, त्याचा पंखा दमेकरी म्हाताऱ्यासारखा घुरघुरणारा. खिडकीखाली सायकल दुरुस्तीवाला बसायचा, त्यामुळं दिवसभर ट्यूबमध्ये हवा भरल्याचा फुसफुसाट वर यायचा. काका म्हणायचे, "बरंय, खोलीत माझ्याशिवाय कुणीतरी श्वास घेतंय."

काम काय, तर मोजायचं. शहरात पोलीस ठाणी सत्तावीस. दर महिन्याला प्रत्येक ठाण्यातून एक तक्ता यायचा. त्यात चोऱ्यामाऱ्या नसायच्या, त्या मोजायला खालच्या मजल्यावर मोठं दालन आणि अकरा माणसं होती. काकांकडं यायचे ते द्वेषाचे गुन्हे. म्हणजे पाकीट पाहिजे म्हणून नव्हे, तर तू असा का आहेस म्हणून केलेले. कुणाचा देव वेगळा, कुणाची कातडी वेगळी, कुणाची बोली वेगळी, कुणी लंगडा, कुणा दोन पुरुषांनी मिळून एक संसार मांडलेला. अशा माणसाला शिवी, थुंकी, धोंडा, चाकू, जे काही मिळालं असेल त्याची एक ओळ. काका त्या ओळींची फाइल करायचे, बेरजा-सरासऱ्या काढायचे, आलेख काढायचे आणि शहराच्या नकाशावर ठिपके टाकायचे. म्हणून ठिपकेकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच सुखात राहिलं.

हे सगळं ते प्रोग्रॅम लिहून करायचे, आणि ते शिकले वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. आधीची नोकरी पाणीखात्यात, कुठल्या नळाची गळती किती याच्या रेघा ओढण्यात गेलेली. मग खात्यानं त्यांना जादा ठरवलं आणि इकडं ढकललं. इकडं फर्मान आलं, आकडेमोड हातानं बंद, प्रोग्रॅम लिहा. बरोबरीचे दोघं हात टेकून घरी बसले. काकांनी शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर हुकूम, उजव्या पानावर तो दिल्यावर काय होतं ते आपल्या भाषेत. "हा चाळतो." "हा जोडतो." "हा नीट वागतो पण उपाशीपोटी देऊ नये." सुरवातीला एक स्वल्पविराम राहिला म्हणून ती बया दोन दिवस अडून बसलेली. बया म्हणजे प्रोग्रॅम. लाल अक्षरं आली की काका पडद्याकडं वाकून विचारायचे, "बोल बाई, आता काय दुखतंय?"

घरी हे कळलं तेव्हा बायको म्हणाली, "तीस वर्षांत मला एकदा तरी विचारलं का असं?"

"तू लाल अक्षरात बोलत नाहीस ना."

"बोलते. तुम्हाला दिसत नाहीत."

काकांना एक खोड होती. तक्त्याला सात रकाने. तारीख, वेळ, जागा, कुणावर, कशावरून, काय प्रकार, आणि शेवटचा 'थोडक्यात हकीकत'. मोजायला पहिले सहा पुरतात. सातवा कुणी वाचत नाही, वाचून बेरीज बदलत नाही. काका तो आधी वाचायचे. म्हणायचे, "ज्याचा ठिपका टाकायचा त्याची निदान ओळख तरी नको का?"

बहुतेक ठाणी त्या रकान्यात "वाद झाला" एवढंच लिहून मोकळी व्हायची. वाद कसला, तर एकानं दगड मारला आणि दुसऱ्याला लागला! पण पुलापलीकडच्या ठाण्याचा तक्ता आला की काका चष्मा पुसून घ्यायचे. तिथं तक्रारी घ्यायला एक हवालदारबाई बसायच्या. दाराशी एक टेबल, दोन खुर्च्या, बस्स. पण बाई लिहायच्या कसं? "न्हाव्याच्या दुकानाच्या शटरवर हिरव्या ऑइलपेंटनं शब्द लिहिला. न्हावी व त्याची आई यांनी रॉकेलनं घासला. पहिलं अक्षर अजून दिसतं." किंवा, "चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीसाठी जिन्याशी टाकलेली फळी कुणी तरी तिसऱ्यांदा उचलून नेली. पहिल्या दोन वेळी तक्रार का दिली नाही विचारता, कुणी घेईल असं वाटलं नाही म्हणाली."

काकांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांची ओळख ती सातव्या रकान्यातली आणि फोनवरची. महिन्यातून एकदा फोन, दहा मिनिटं. त्यात नऊ मिनिटं कामाची आणि एक गुडघ्यांची. गुडघे दोघांचेही.

तर एका सोमवारी सकाळी फोन वाजला.

"काका, बसलाय की उभे आहात?"

"बसलोय. का?"

"मग बसूनच राहा. माझं टेबल उचलतायत."

"कोण उचलतंय?"

"वरून ठरतंय. गुरुवारी बैठक आहे, तुम्हालाही बोलावलंच असेल. मी बसायच्या आधी पुलापलीकडं वर्षाला अकरा गुन्हे, आता दोनशे चौदा. साहेब म्हणाले, बाई, तुमचा पायगुण दांडगा दिसतो. मला गाड्यांच्या गोदामात टाकतायत. टायर मोजायला."

"हे ठरवलं तरी कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तुमच्या नकाशावरून! मागल्या वर्षीच्या अहवालात आम्ही सगळ्यांत लालभडक. आमच्या साहेबांनी ते पान फाडून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, रोज काढून बघतात. मी गेले की न्हाव्यानं कुणाकडं जायचं, ती मुलगी कुणाकडं येणार, ते कुणी विचारत नाही. एक विचारू का? रागावू नका. टेकडीवरच्या ठाण्याचा आकडा खरंच शून्य आहे का हो? त्यांना द्वेषमुक्त विभाग म्हणून मानपत्र मिळालं. सहा हजार घरं, तीन शाळा, एक बसचा अड्डा. वर्षभरात कुणी कुणाला काहीच बोललं नाही? माझ्या घरात चार माणसं आहेत, तिथंसुद्धा शून्य येत नाही."

काकांच्या नाकाला मिरची झोंबली. "बाई, माझ्या नकाशात चूक नसते."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी गुडघ्यांचं काही न बोलता फोन ठेवला.

काका दहा मिनिटं फणफणत बसले. पाणीखात्यापासून आजवर त्यांच्या कागदावर लाल शेरा पडला नव्हता. ही त्यांची शेतीवाडी, हेच सोनंनाणं. मग केवळ बाईंचं तोंड बंद करावं म्हणून त्यांनी मागल्या वर्षीचा प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्या ओळीपासून बोट लावून वाचायला घेतला. फाइल उघड. नावं सारखी कर. महिने जोड. पस्तिसावी ओळ, चाळिसावी ओळ, सगळं जिथल्या तिथं. एक्केचाळिसावी ओळ आली आणि बोट थांबलं.

ती ओळ बोटभरच होती. तिचा अर्थ, जिथं रिकामं दिसेल तिथं शून्य लिही.

काकांना सगळं आठवलं. त्या बयेचा स्वभाव मोठा रोखठोक. बारा महिन्यांतला एक जरी महिना आलेला नसला तरी ती वर्षाची बेरीज सांगत नाही. एक आकडा ठाऊक नाही, म्हणजे बेरीज ठाऊक नाही, विषय संपला. मागल्या वर्षी म्हणून नकाशात नऊ ठाणी कोरी आली होती. मोठ्या मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "काका, नकाशाला कसर लागलीय का? भोकं कसली ही? छापखान्याचा माणूस खाली थांबलाय." काकांनी दोन मिनिटांत ती ओळ घातली. भोकं बुजली. नऊ ठाणी फिकट झाली, टेकडी तर पांढरी शुभ्र. नंतर नीट करू म्हणाले, आणि नंतर कधी आलंच नाही. यंत्र बिचारं खरं बोलत होतं, काकांनीच त्याच्या तोंडून खोटं वदवलं होतं.

ते उठले, नळावर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बघितलं. ओळ तिथंच होती.

त्यांनी ती काढून पुन्हा प्रोग्रॅम चालवला. नऊ ठाण्यांचे मिळून एकसष्ट महिने आलेलेच नव्हते. टेकडीचे बाराच्या बारा. काकांनी टेकडीच्या कारकुनाला फोन लावला. गडी पंधरा वर्षं त्याच टेबलाशी, आवाज लोण्यासारखा.

"नमस्कार, आकडेवारी कक्षातून बोलतोय. तुमचे मागल्या वर्षीचे तक्ते आमच्याकडं दिसत नाहीत."

"कसले तक्ते?"

"द्वेषाच्या गुन्ह्यांचे."

"आमच्याकडं शून्य आहे ना साहेब. मानपत्र मिळालंय आम्हाला."

"शून्य आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"असं काय करता? तुम्हीच! तुमच्या नकाशात आहे की."

काकांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडं बघितलं. टेकडीनं पाठवलं नाही म्हणून काकांनी शून्य लिहिलं, आणि काकांनी शून्य लिहिलं म्हणून टेकडी पाठवत नव्हती. बैल घाण्याभोवती फिरत होता आणि दोघंही म्हणत होते, केवढे लांब आलो!

संध्याकाळी काका घरी आले ते नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा आणि पायातल्या चपलांसकट आत. पुढल्या खोलीत बायकोचं दुकान. कपडे लहान-मोठे करून द्यायचे, आखूड-लांब करायचे, फाटकं जोडायचं. एक मोठं बेतायचं टेबल, दोन मशिनी, खुंटीला टांगलेली गिऱ्हाइकं, म्हणजे त्यांचे कोट. बायको तोंडात टाचण्या धरून एका पाटलोणीची शिवण मोडत होती.

"समज, एखाद्यानं बेरजेत बारीकशी चूक केली," काका म्हणाले.

"एखाद्यानं म्हणजे तुम्ही," टाचण्यांमधून आवाज आला.

मग काकांनी सगळं सांगितलं. बायकोनं टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या आणि म्हणाली, "म्हणजे ज्याचं मापच घेतलं नाही, त्याचा कपडा शिवून मोकळे झालात."

"या वर्षीचा नकाशा दुरुस्त करतो. वर लिहितो, मोजण्याच्या पद्धतीत सुधारणा केली आहे. मागल्या वर्षीचं कशाला उकरायचं?"

"का नाही उकरायचं?"

"अगं, तीस वर्षांत..."

"शेरा नाही. माहितीय. लग्नात सुद्धा सांगितलं होतंत." तिनं कात्री खाली ठेवली. "गेल्या महिन्यात त्या बँकवाल्या बाईचा कोट माझ्या हातून दोन बोटं आखूड झाला. काय सांगायला पाहिजे होतं तिला? कोट तोच आहे बाई, तुमचे हात वाढले?"

काकांना हसू आलं. नको होतं, पण आलं. "मग काय केलंस?"

"उसवला. नवी बाही लावली. ती बोलली, मी ऐकलं. बोलणी खाऊन कुणी मेलंय? पण ती आखूड कोट घालून हिंडली असती तर माझ्या जिवाला घोर लागला असता. तुमची ती हवालदारीण काय करणार गोदामात?"

"टायर मोजणार."

"आणि तुम्ही सुधारणा म्हणणार." ती पुन्हा पाटलोणीकडं वळली. "ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कसली तऱ्हा?"

काका म्हणाले, "चूक म्हणायचं ठरवलं, तरी ती नऊ ठाणी रंगवू कशानं? पांढरी ठेवली तर स्वच्छ वाटतात. करडी केली तर थोडेसेच गुन्हे असल्यासारखी दिसतात. कुठलाही रंग दिला की काहीतरी सांगितल्यासारखं होतं."

बायकोनं एक कापड ओढून त्यांच्यापुढं पसरलं. त्याच्या एका कोपऱ्यावर खडूच्या तिरक्या रेघा मारलेल्या होत्या. "हे बघा. एवढ्या भागाला अजून कात्री लावायची नाही, माप यायचंय, म्हणून रेघा. रंग नाही. कुणीही बघितलं तरी कळतं, इथं काम राहिलंय."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून रेघा जवळून बघितल्या. मग उठून चपला बाहेर काढून ठेवल्या.

मंगळवार-बुधवार काका खोलीबाहेर पडले नाहीत. नऊ ठाण्यांवर तिरक्या रेघा मारायचा हुकूम त्यांच्या वहीत नव्हता, तो शोधून उजव्या पानावर लिहिला, "हा कबूल करतो." पण तेवढ्यानं बाईंचं टेबल वाचणार नव्हतं. टेकडीला रेघा मारल्या तरी पूल लालच राहत होता. दोनशे चौदा हे दोनशे चौदाच. मोठा आकडा वाईट हे एकदा डोक्यात बसलं की त्याला पहार घातली तरी निघत नाही. काकांनी पुन्हा सातवा रकाना काढला, सत्तावीस ठाण्यांचा, सगळा, आणि वाचत बसले. बुधवारी दुपारी त्यांनी टेबलावर थाप मारली. खालचा सायकलवाला वर बघून म्हणाला, "काय झालं काका?" काका खिडकीतून म्हणाले, "जिना सापडला!" त्यानं मान हलवली आणि पुन्हा पंक्चरला लागला.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबल, चौदा माणसं आणि पाण्याच्या चौदा बाटल्या. मोठ्या मॅडम मध्यभागी. पुलाचे साहेब डावीकडं, हातात ते फाडलेलं पान. टेकडीचे साहेब उजवीकडं, मानपत्र मिळालेल्या माणसाच्या ऐटीत. काका उभे राहिले. पडद्यावर नकाशा येईल म्हणून सगळे बसले होते, आली एकच ओळ.

"ही मागल्या वर्षीच्या प्रोग्रॅमातली एक्केचाळिसावी ओळ," काका म्हणाले. "ज्या ठाण्यांचा तक्ता आला नाही, तिथं हिनं शून्य लिहिलं. ही ओळ मी लिहिली."

"म्हणजे टेकडीवर गुन्हे झाले असं तुमचं म्हणणं आहे?" टेकडीचे साहेब पुढं झुकले.

"नाही साहेब. मला ठाऊक नाही असं म्हणणं आहे. आडात पाणी आहे का, ते पोहरा सोडल्यावर कळतं. मी पोहरा न सोडताच आड कोरडा म्हणून छापलं. पूर्ण वर्षाचे तक्ते न आलेली अशी नऊ ठाणी आहेत."

मॅडमचा चेहरा दगडाचा झाला. "काका, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?"

"मला सोमवारी कळलं मॅडम. मागल्या वर्षी कळायला हवं होतं. चुकलो."

काकांना वाटलं होतं, हा शब्द तोंडातून निघाला की छातीत काहीतरी कोसळेल. तसलं काही झालं नाही. फक्त गुडघे दुखत होते, ते रोजच दुखायचे.

"ते राहू द्या," पुलाचे साहेब म्हणाले. "माझे दोनशे चौदा तर खरे आहेत ना?"

"खरे आहेत. आता जरा हे बघा." पडद्यावर दोन आलेख आले. "तुमच्याकडं शिवीगाळ एकशेएकवीस, थुंकणं एकोणीस, दारं-भिंती रंगवणं अडतीस, मोडतोड सतरा, धक्काबुक्की बारा, मारहाण पाच, गंभीर दुखापत दोन. खालची पायरी रुंद, वरची अरुंद. आणि हे बाजारातलं ठाणं. यांचे बाराही महिने आलेत. गंभीर दुखापत चार, मारहाण तीन. शिवी एकही नाही. थुंकणं नाही. भिंतीवर अक्षर नाही." काकांनी चष्मा काढला. "साहेब, माझं आयुष्य नळांत गेलं, मी काही पोलीस नाही. पण वरची पायरी आहे आणि खालच्या पायऱ्याच नाहीत, असा जिना मी कुठं बघितला नाही. तिथली माणसं कुणाला एक शब्द वाईट न बोलता थेट डोकंच फोडतात का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं.

"बाजारात खालच्या पायऱ्या आहेत. लिहायला कुणी नाही. पुलापलीकडं आहे. बाईंचं टेबल उचललंत तर पुढल्या वर्षी तुमचा आकडा अकरावर येईल, मी लिहून देतो. मी सुंदर पांढरा नकाशा काढीन. आणि त्या अकरांत डोकी फुटलेलीच असतील."

पुलाच्या साहेबांनी हातातलं फाडलेलं पान उलटं करून ठेवलं. मॅडम काही वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "टेबल वर्षभर राहील. पुढल्या वर्षी पुन्हा बघू. नऊ ठाण्यांनी तक्ते पाठवायचे. आणि काका, तुम्ही उद्या माझ्याकडं या."

दुसऱ्या दिवशी मॅडमकडून खरमरीत कागद मिळाला. कारणे दाखवा. तीस वर्षांतला पहिला लाल शेरा. काकांनी तो घरी नेऊन बायकोला दाखवला. तिनं वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "अक्षर चांगलंय तुमच्या मॅडमचं."

पुलापलीकडं त्यांनी गुरुवारीच फोन केला होता. "बाई, टेबल राहिलं."

"किती दिवस?"

"वर्षभर."

"वर्षभरात मी त्यांच्या डोक्याला आणखी दोनशे ओळी देते," बाई म्हणाल्या. मग आवाज जरा उतरवून, "काका, तुम्हाला काही बोलले का?"

"बोलले."

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत."

मागल्या वर्षीच्या अहवालाच्या तीनशे प्रती तळघरात पडून होत्या, त्यांच्यात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची होती. मॅडमचं म्हणणं होतं, चिठ्ठीत लिहा, 'काही तांत्रिक कारणांमुळे'. काकांनी चार वेळा मसुदा परत नेला. शेवटी छापून आलं ते असं: "या नकाशात नऊ ठाण्यांचे एकसष्ट महिन्यांचे आकडे शून्य धरले आहेत. ते शून्य नाहीत. ते आमच्याकडे आलेच नव्हते. चूक आकडेवारी कक्षाची आहे." चिकटवायला माणूस द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून काकांनी प्रती टेम्पोत घालून घरी आणल्या. रविवारी बेतायच्या टेबलाशी नवरा-बायको डिंकाचं भांडं घेऊन बसले होते, तोच दारात एक बाई उभी. काळी-सावळी, बुटकी, हातात पिशवी.

"ठिपकेकाका इथंच का?"

काका आवाजावरून ओळखून उठले. "बाई! तुम्ही?"

"सुट्टी आहे. म्हटलं, माझ्यापायी चिकटवताय तर एक हात लावावा." त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "फोनवर उंच वाटता हो."

"सगळ्यांनाच वाटतं," बायको म्हणाली. "मलाही स्थळ आलं तेव्हा आधी फोनच झाला होता. या, बसा. डिंक कमी लावा, नाहीतर पानं फुगतात."

तिघांनी मिळून तीनशे चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन्ही बायका काकांच्या चिठ्ठ्या वाकड्या लागतात यावर एक झाल्या आणि दुपारनंतर काकांना फक्त प्रती उचलून ठेवायचं काम उरलं.

पुढल्या महिन्यात आठ ठाण्यांचे तक्ते आले. कुणाचे तीन ओळींचे, कुणाचे सहा. बेरीज वर चढली. खालच्या मजल्यावरचा एकजण येऊन म्हणाला, "काका, गुन्हे वाढले हो शहरात!" काका म्हणाले, "लिहिणं वाढलं," आणि त्या आठ ठाण्यांवरच्या तिरक्या रेघा एकेक करून पुसल्या. कचेरीत आकडा वाढला म्हणून खुश होणारा हा एकच माणूस, असं शिपाई सगळ्यांना सांगत सुटला. टेकडीचा तक्ता तेवढा आला नाही. त्याच्या पुढल्या महिन्यातही नाही.

आणि एका दुपारी टेकडीच्या कारकुनाचा फोन आला. तोच लोण्यासारखा आवाज, पण आज जरा पातळ झालेला.

"साहेब, एक अडचण आहे. एक म्हातारी आलीय. समोर बसलीय. बसमधनं उतरताना दोघांनी तिला काहीतरी म्हटलं म्हणते. तिच्या बोलीवरनं. मारलं वगैरे नाही. फक्त म्हटलं. हे लिहायचं असतं का?"

"लिहायचं असतं."

"कुठल्या रकान्यात?"

"सगळ्यात. तारीख, वेळ, जागा... थांबा, तक्ता घेतलात का समोर?"

"घेतलाय. धूळ होती, पुसली." कागदाचा आवाज आला. "शेवटच्या रकान्यात काय लिहू? वाद झाला?"

"वाद कुणी केला? तिनं केला?"

"नाही हो. ती तर उतरत होती."

"मग तेच लिहा. उतरत होती. आणि ते काय म्हणाले तो शब्द लिहा."

कारकून हलक्या आवाजात म्हणाला, "फार घाण शब्द आहे साहेब. सरकारी कागदावर?"

"त्या म्हातारीनं तो भर रस्त्यात ऐकला. तुम्हाला खुर्चीत बसून लिहवत नाही का?"

मग फोनमधून कारकुनाचा आवाज आला, पण तो काकांशी बोलत नव्हता. "आजी, जरा पुन्हा सांगता का? सावकाश. मी लिहून घेतोय."

काका रिसीव्हर कानाला धरून बसून राहिले. पलीकडं पेन कागदावर खरखरत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं.